माळ्यावरची नगरपालिका

ठाण्याच्या माजिवड्यात राहणाऱ्या माणसाला स्वतःच्या हाताने चालवावं असं फार थोडं उरतं. लिफ्ट एक कंपनी चालवते. तिचा माणूस महिन्यातून एकदा येतो, रजिस्टरवर सही करतो आणि त्याच लिफ्टने खाली जाण्याचं धैर्य दाखवतो. पाण्याचा पंप वॉचमन चालवतो. सोसायटी सेक्रेटरी चालवतात, आणि सेक्रेटरींना कोण चालवतं हे वार्षिक सर्वसाधारण सभेतही उघड होत नाही. खिडकीबाहेर नाका आहे. मुंबईहून आलेला पूर्व द्रुतगती मार्ग तिथे नाशिकच्या वाटेला लागतो, घोडबंदर रस्ता डावीकडे फुटतो, वर उड्डाणपूल आणि त्याच्याही वर मेट्रोचे खांब. एवढी सगळी वर्दळ डोळ्यांसमोर अहोरात्र चाललेली, आणि तिच्यातला एक सिग्नलसुद्धा आपल्या सांगण्यावरून हिरवा होत नाही. अशा ठिकाणी बरीच वर्षं काढली की माणसाला वाटायला लागतं, आपणही काहीतरी चालवून बघावं. काही जण मग सोसायटीच्या निवडणुकीला उभे राहतात. माझ्यासारखे भिडस्त लोक घरात सर्व्हर आणतात.

सर्व्हर हा शब्द ऐकून कुणी थंडगार हॉल आणि लोखंडी कपाटं डोळ्यांपुढे आणू नयेत. माझा सर्व्हर म्हणजे जाड शब्दकोशाएवढी एक काळी पेटी. तिचं पूर्वायुष्य एका मोठ्या कंपनीत कुणाच्या तरी टेबलाखाली गेलं. कंपन्या अशी यंत्रं शेकड्यांनी भाड्याने घेतात, करार संपला की ती शेकड्यांनीच परत जातात आणि मग झाडूनपुसून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत येऊन बसतात. पेटीवर मूळ कंपनीचा मालमत्ता-क्रमांक अजून चिकटलेला आहे. मी तो काढला नाही. निवृत्त माणसाने जुन्या ऑफिसचं ओळखपत्र जपावं, तसा तिने तो जपला असेल तर आपण कोण आडवे येणार? तिची जागा माळ्यावर. शेजारी दिवाळीचा आकाशकंदील, गणपतीच्या मखराचा सांगाडा, पाहुण्यांच्या गाद्या आणि एक मिक्सर, जो दुरुस्त होणार आहे अशी घरात जुनी अफवा आहे. मिक्सर सोडला तर या सगळ्या वस्तू वर्षातून एकदा कामाला येतात. पेटी एकटीच चोवीस तास राबते, आणि तिच्या हिरव्या दिव्याची उघडझाप आकाशकंदिलाच्या झिरमिळ्यांवर पडत राहते.

या एका पेटीत सात-आठ संगणक राहतात, आणि त्यांतला एकही अस्तित्वात नाही. एक फोटो सांभाळतो, एक गाणी वाजवतो, एक घरातल्या फोनवर येणाऱ्या जाहिराती दारातच गाळतो, एक बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करतो. प्रत्येकाला वाटतं की आपल्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःची डिस्क आहे, नेटवर्कचं स्वतःचं कार्ड आहे. यांतलं काहीच खरं नसतं. खालची एक व्यवस्था त्यांना हे सारं भासवत असते. मला याचं फार नवल वाटलं नाही. रेशनकार्डावर नाव असलेली आणि घरात नसलेली माणसं आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. घरात नसलेलं यंत्र निदान काम तरी करतं.

कल्पना तशी जुनी. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये आयबीएमच्या मंडळींनी सीपी-४० नावाची व्यवस्था उभी केली. तेव्हा संगणक इतका महाग होता की एकाने वापरायचा आणि बाकीच्यांनी रांगेत ताटकळायचं हे कुणालाच परवडेना. मग त्यांनी एका यंत्राच्या अशा वाटण्या केल्या की समोर बसलेल्या प्रत्येकाला वाटावं, अख्खं यंत्र आपल्याच मालकीचं. १९७२मध्ये हीच युक्ती व्हीएम/३७० या नावाने बाजारात आली. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशातच बांधलेला संगणक १९६० साली चालू झाला होता. पंडित नेहरूंनी १९६२मध्ये त्याचं टिफ्रॅक असं नामकरण केलं. त्याची स्मृती २०४८ शब्दांची. हे शब्द संगणकाच्या हिशेबातले, प्रत्येकी ४० बिटांचे. म्हणजे हा लेख त्यात मावला नसता. त्या यंत्राभोवती शास्त्रज्ञ अदबीने वावरत असतील. माझ्या माळ्यावर ३२ जीबी पडून आहे आणि तिच्यावर गादी ठेवू का, असं मला विचारलं जातं. वाटण्या करण्याची ही विद्या २००७मध्ये लिनक्सच्या गाभ्यातच येऊन बसली, २००८मध्ये व्हिएन्नाच्या एका कंपनीने तिच्यावर प्रॉक्समॉक्स नावाचा नेटका कारभार रचला, आणि जे मोठ्या कंपन्यांच्या तळघरात चालायचं ते फुकटात माळ्यावर चढलं. २०२४च्या फेब्रुवारीत व्हीएमवेअर या अशाच दुसऱ्या व्यवस्थेची मोफत आवृत्ती बंद झाली, तेव्हा जगभरच्या माळ्यांवरून माणसं बिऱ्हाडं उचलून याच व्हिएन्नाच्या दाराशी आली. वर्षभराने मोफत आवृत्ती परत आली, पण एकदा हललेलं बिऱ्हाड पुन्हा जुन्या जागी सहसा जात नाही.

मी मात्र या पेटीकडे पहिल्यापासून नगरपालिका म्हणूनच पाहत आलो. जागा थोडी, वस्ती दाट आणि प्रत्येकाला वाटतंय की सगळ्या सोयी आपल्यासाठीच आहेत, हे चित्र ठाण्यात राहणाऱ्याला परकं नाही. डिस्क वाटताना ही नगरपालिका बिल्डरच्या वळणावर जाते. नव्या यंत्राला १०० जीबी दिली असं कागदावर लिहिते, आणि प्रत्यक्षात ते जेवढं भरेल तेवढीच जागा खर्ची टाकते. सगळ्यांना कागदावर दिलेल्या जागेची बेरीज केली तर ती खऱ्या डिस्कच्या पुढे निघून जाते. सगळे एकदम राहायला आले तर काय, हा प्रश्न ज्याचा त्याने मनात ठेवायचा. ज्याने इकडे घर घेतलं आहे त्याला हे उलगडून सांगावं लागत नाही. कार्पेट, बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप या तिन्ही लोकांतून तो जाऊन आलेला असतो. २०१७मध्ये महारेरा आलं आणि बिल्डरला कार्पेट एरिया सांगणं भाग पडलं. माळ्यापर्यंत तो कायदा अजून पोचलेला नाही.

मेमरीची वाटणी त्याहून हृद्य आहे. एखादं यंत्र नुसतंच बसून असेल तर पेटी हळूच त्याच्या पोटात एक फुगा फुगवते. फुग्याला जागा करून द्यायला ते यंत्र आपला पसारा आवरतं, आणि मोकळी झालेली मेमरी गर्दीत सापडलेल्या दुसऱ्याला मिळते. डोंबिवलीहून सुटलेल्या गाडीत तिघांच्या बाकापाशी चौथा येऊन उभा राहतो, काही बोलत नाही, नुसता बघतो, आणि तिघेही वर्तमानपत्रातून डोकं न काढता दोन-दोन बोटं सरकतात, तसंच हे. चौथ्याला बसायला मिळतं असं म्हणता येत नाही, टेकायला मिळतं. पण ठाण्यापर्यंत तेवढं पुरतं. कुणीतरी परदेशी इंजिनिअराने हे गणित मांडताना मध्य रेल्वेने प्रवास केला नसेल, तरी मला त्याच्याविषयी गाववाल्यासारखी माया वाटते.

यंत्रांना नावं द्यावी लागतात. लोक ग्रीक देवांची देतात, ग्रहांची देतात. मी ठाण्याचे तलाव घेतले. फोटो आणि कागदपत्रांचा मोठा साठा तो मासुंदा. गाणी उपवनात. जाहिराती गाळणारा सिद्धेश्वर. आणि जिथे नवीन काहीही करून बघायचं, मोडायचं, पुसायचं, पुन्हा उभं करायचं, तो कचराळी. सकाळी तिथे फिरायला जाणाऱ्यांनी राग मानू नये. खऱ्या कचराळीच्या काठावर महानगरपालिकेचं मुख्यालय आहे, तेव्हा माझ्याही कारभाराचं मूळ तिथेच असावं असं मला वाटलं. ठाण्यात एके काळी साठेक तलाव होते असं सांगतात. त्यांतले पुष्कळ बुजले आणि त्यांच्या पाण्यावर आता पार्किंग उभं आहे. कुठलाही तलाव एका दिवसात बुजला नसेल. आधी काठावर थोडा राडारोडा पडला असेल, मग पायवाट झाली असेल, आणि एका सकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं असेल की इथे काहीतरी होतं. घरातल्या फोटोंचंही असंच होतं. जुन्या फोनबरोबर थोडे जातात, बंद पडलेल्या लॅपटॉपबरोबर थोडे, आणि एखाद्या लग्नाचा अल्बम शोधायला बसलं की कळतं, दोन-तीन वर्षंच्या वर्षं बुजून गेली आहेत.

नगरपालिका म्हटली की वॉर्ड आले. नेटवर्कमध्ये त्यांना व्हीलॅन म्हणतात, आणि १९९८च्या एका प्रमाणानुसार एकाच केबलीतून अशा ४०९४ वस्त्या वेगवेगळ्या ठेवता येतात. माझ्या दोन बेडरूमच्या साम्राज्याला चार पुरल्या. एक घरच्यांची. एक बायकोच्या ऑफिसच्या लॅपटॉपची, जिथे नगराध्यक्षालाही परवानगीशिवाय प्रवेश नाही. एक पाहुण्यांची. आणि चौथी टीव्हीची. टीव्ही हा आमच्या घरातला सर्वांत चौकस प्राणी आहे. आपण त्याच्याकडे बघतो असा आपला समज असतो. सगळे झोपल्यावर तो दूरदेशी कुणाकुणाला निरोप पाठवत असतो हे मी जाण्यायेण्याच्या नोंदींत पाहिलं आणि त्याला स्वतंत्र वॉर्डात हलवलं. तिथे तो सुखात आहे. मालिका दिसतात, शेजारपाजारच्या चौकशा बंद झाल्या. पत्त्यांची तर याहून मजा. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखले गेले ते १९९४मध्ये: कुठल्याही घराने वापरावेत, फक्त उंबऱ्याबाहेर नेऊ नयेत. त्यामुळे माझ्या राउटरचा जो पत्ता तोच वरच्या मजल्यावरच्यांचा, तोच कळव्यातल्या एखाद्या घरातला, तोच न्यू जर्सीतल्या भाच्याचा. स्टेशन रोड ठाण्याला आहे, कल्याणला आहे, आणखी शंभर गावांना आहे. आपल्या गावात असताना कुणी त्याच्यापुढे गावाचं नाव लावत नाही.

हे सगळं भासाचं राज्य असलं तरी केबल खरी असते, आणि ती स्वतः करावी लागते. तयार मिळते, पण हॉलपासून माळ्यापर्यंतचं अंतर तयार केबलीच्या मापाचं कधीच नसतं. बाहेरचं आवरण अलगद सोलायचं, आत आठ तारा चार जोड्यांनी एकमेकींना पिळा घालून बसलेल्या असतात. त्या उलगडून ओळीत लावायच्या: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधोमध निळी जोडी का घुसवली आहे, याला टेलिफोनच्या जमान्यातलं कारण आहे. जुन्या वाड्यात एखादा खांब नको तिथे असावा आणि नव्या मालकानेही त्याला वळसा घालून जगावं, तशी ती आजवर चालत आली आहे. प्रत्येक जोडीचा पिळा कमी-जास्त ठेवलेला असतो, म्हणजे एकीची कुजबुज दुसरीत उमटत नाही. टोकाशी हा पिळा अर्ध्या इंचाहून जास्त उलगडायचा नाही. जास्त उलगडला की गोंगाट सुरू. आठही तारा एका रेषेत कापायच्या, पारदर्शक टोपीत सरकवायच्या, पक्कडीने दाबायचं. मग टेस्टर लावला की एकामागून एक आठ दिवे लागतात. आठवा लागेपर्यंत मी श्वास घेत नाही. नंतर कुणी विचारलं, की आज सुट्टीच्या दिवशी काय केलंस, तर सांगण्यासारखं काहीच नसतं, आणि दिवस मात्र सार्थकी लागलेला असतो.

केबल सोलताना मला डोंबिवलीचे काका आठवतात. मुंबईला एका ऑफिसात कारकून होते. आठवडाभर साहेबांच्या सह्यांच्या जागी फुल्या मारून द्यायच्या आणि रविवारी रेडिओ बांधायचे. सुटे भाग लॅमिंग्टन रोडचेच. त्या रस्त्याने आमच्या घराण्याचे पैसे दोन पिढ्या खाल्ले. खिडकीशी स्टूल, स्टुलावर कापलेला पत्रा, सोल्डरिंग आयर्न, आणि तापलेल्या राळेचा तो वास, जो मला आजही उदबत्तीपेक्षा पवित्र वाटतो. त्या काळी रेडिओ ठेवायला लायसन्स लागे. पोस्टात जाऊन दरवर्षी फी भरायची आणि पुस्तकात नोंद करून घ्यायची. काका ते पुस्तक विम्याच्या कागदांबरोबर ठेवत. काकू म्हणायच्या, "अहो, बाजारात रेडिओ मिळत नाहीत का?" काका तारेवरची नजर न काढता म्हणत, "मिळतात की. पण ते दुसऱ्यांनी केलेले." बुधवारी रात्री सिलोन केंद्रावर बिनाका गीतमाला लागायची. लघुलहरींवरून येताना ती मध्येच विरायची, पुन्हा उसळायची. वाऱ्यावर कुणीतरी मोठी चादर झटकत असावं तसा तो आवाज. गाणं पुसट झालं की बाकीचे हळहळत आणि काका खूश होत, कारण आता काहीतरी करायला मिळणार. गाण्यापेक्षा त्यांना गाण्याची वाट आवडायची. तेव्हा हे मला विचित्र वाटे. आता माझ्या घरात गाणी आहेत उपवनात, आणि मी बसलेला असतो कचराळीत.

कारभाराची एक बाजू तक्रारींची. घरातलं नेट चालू असतं तोवर ते 'आपलं नेट' असतं. गेलं की त्या क्षणी मालकी बदलते. "बाबा, तुझं नेट गेलं," असं आतल्या खोलीतून ऐकू येतं. कारण बहुतेक वेळा गल्लीतल्या कुठल्यातरी खांबावर असतं, पण नागरिकांना त्याच्याशी कर्तव्य नसतं. बायकोच्या ऑफिसचे कॉल, मुलीचे क्लास, आईच्या मालिका यांतून देखभालीला सवड काढणं म्हणजे घोडबंदर रस्त्यावर सकाळी साडेनऊला खोदकाम काढण्यासारखं. शेवटी घरच्यांच्या सभेत ठराव झाला की काम करायचं असेल तर आधी सूचना द्यायची, आणि ती लेखी. मी फ्रिजच्या दारावर कागद लावला: शुक्रवारी रात्री ११ ते १२ या वेळेत देखभालीच्या कामासाठी नेट बंद राहील. त्यानंतर काही काळ पुरवठा कमी दाबाने होईल. नागरिकांनी सहकार्य करावे. सकाळी त्याखाली मुलीच्या अक्षरात लिहिलेलं होतं: टँकर मिळेल का? मिळाला. माझ्या फोनचा हॉटस्पॉट हा आमच्याकडचा टँकर, आणि तोही आला की लोक बादल्या घेऊन धावल्यासारखे फोन घेऊन धावतात.

त्या कागदाने माझ्यात एक फरक पडला. शहरात पाण्याची अशीच सूचना आली की पूर्वी मी ती वाचून दात-ओठ खायचो. आता मी ती एका समव्यवसायीचं लिखाण म्हणून वाचतो. बंद करायची वेळ तर कळते, चालू व्हायची वेळ कुणाच्याच हातात नसते. झाकण उघडल्यावर आत काय निघेल ते झाकण उघडल्याशिवाय दिसत नाही, हे मला आता ठाऊक आहे. ठाण्याचं पाणी एका दारातून येत नाही. महापालिकेची स्वतःची योजना आहे, स्टेम ही पाणीपुरवठा संस्था आहे, एमआयडीसी आहे, मुंबई महापालिकाही काही वाटा देते. कुणीतरी कधीतरी विचार केला असेल की एकावर विसंबून राहू नये. आमच्याकडेही तारेचं नेट गेलं तर सिमकार्डाचं घेणारा राउटर आहे. माणूस लाखोंचं शहर चालवो की चौघांचं घर, पहाटे तीनला जाग आली की भीती एकच असते: दुसरी वाट आहे ना?

रात्रीचा कारभार वेगळा. शहरात अवजड वाहनांना गर्दीच्या वेळी मज्जाव असतो, म्हणून रात्र चढली की माजिवड्याच्या पुलावरून ट्रक सुरू होतात. कंटेनर, सिमेंटचे मिक्सर, झाकलेली यंत्रं. त्याच वेळी माळ्यावर बॅकअप निघतात. त्यांनाही दिवसा बंदी आहे. खिडकीबाहेर पुलाच्या सांध्यावरून चाकं जाण्याचा दुहेरी ठोका, आणि डोक्यावर डिस्कची बारीक कुरकुर, अंधारात कुणी जपून कागदी पुडी उलगडावी तशी. आईला आधी वाटलं उंदीर आहे. मी सांगितलं, फोटोंच्या नकला होत आहेत. ती म्हणाली, "दिवसभर काय करत होते?"

आणि महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, रात्री बारा वाजून चोवीस मिनिटांनी, मासुंद्याची झाडाझडती होते. वेळ माझी नाही. ही व्यवस्था बसवली की तीच आपोआप ठरलेली येते. साठ्याची रचना झेडएफएस नावाची, सन मायक्रोसिस्टिम्समध्ये २००१च्या सुमारास सुरू होऊन २००५मध्ये जगापुढे आलेली. तिचा स्वभाव संशयी. डिस्कने "सगळं ठीक आहे" म्हटलं तरी तिचा विश्वास बसत नाही. प्रत्येक तुकडा लिहिताना ती त्याची एक खूण वेगळी नोंदवून ठेवते, आणि झाडाझडतीत एकेक तुकडा वाचून खुणेशी ताडून बघते. एखादा बिट वयोमानाने उलटा झाला असेल, तर शेजारच्या डिस्कवरची नक्कल आणून गुपचूप दुरुस्त करते आणि सकाळी अहवालात एक ओळ लिहिते. एका महागड्या डिस्कवर भरवसा टाकण्यापेक्षा स्वस्त डिस्का एकमेकींच्या आधाराने उभ्या कराव्यात, हा विचार बर्कलीतल्या तिघा संशोधकांनी १९८८मध्ये मांडला. वस्तू मोडणारच हे त्यांनी आधी मान्य केलं आणि मग व्यवस्था बांधली. आमच्या आजीची पिढी याच तत्त्वावर संसार करत असे, फक्त तिने शोधनिबंध लिहिला नाही.

त्या साठ्यात काकांची एक कॅसेट आहे. रेडिओनंतर त्यांनी टेपरेकॉर्डरही खोलून जोडला होता, आणि तो चालतो का हे बघायला केलेलं ते ध्वनिमुद्रण. त्यात गाणं नाही, उपदेश नाही. काका म्हणतात, "हॅलो, हॅलो. एक, दोन, तीन. डोंबिवली. रविवार. पाऊस पडतोय." मग मागून काकूंचा आवाज, चहा गार होतोय म्हणून. मग काका, "थांब गं, चालू आहे." तेवढंच. कॅसेटला बुरशी धरली होती. फीत पुसून, जुन्या डेकवर वाजवून मी ती उतरवून घेतली. आता ती दोन डिस्कांवर आहे, आणि दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पेटी काकांचं ते वाक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते, त्यातलं काहीच न ऐकता, आणि खात्री करून घेते की पाऊस अजून पडतोय आणि चहा अजून गार होतोय.

दोन डिस्का एकाच माळ्यावर म्हणजे पुरेसं नाही. आग, पाणी, चोर यांना दोन्ही एकदम सापडतील. जाणकारांचा दंडक असा की तीन प्रती हव्यात, दोन तऱ्हेच्या साधनांवर, आणि त्यांतली एक गावाबाहेर. माझं गावाबाहेर म्हणजे डोंबिवलीची ताई. तिच्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली, कुलूपबंद केलेली एक डिस्क असते. राखीपौर्णिमेला मी नवी घेऊन जातो आणि जुनी आणतो, भाऊबीजेला पुन्हा. मोठमोठ्या कंपन्या यासाठी करार करतात, गाड्या पाठवतात. आमच्याकडे ओवाळून झालं की ताई ताटाशेजारी डिस्क ठेवते आणि म्हणते, "घे तुझी ती डबी. आणि सांग एकदा, आहे काय त्यात?" मी म्हणतो, "काका आहेत." ती दरवर्षी विचारते आणि दरवर्षी तेच उत्तर ऐकून दुसरा लाडू वाढते. सण चुकवायचा नाही यासाठी आईने आजवर जे काही सांगितलं असेल, त्याहून ही डिस्क परिणामकारक ठरली आहे.

खाडीपलीकडे ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात मोठाली डेटा सेंटर उभी आहेत. बिनखिडक्यांच्या त्या इमारतींपुढे माझ्या माळ्याचा हिशेब कशाला? पेटी, डिस्का, स्विच मिळून साठेक वॉट खातात, म्हणजे महिन्याला त्रेचाळीस युनिट. बिल आलं की बायको चष्मा लावून विचारते, याच पैशांत जगातली कुठलीही कंपनी तुझे फोटो सांभाळणार नाही का? सांभाळेल, बहुधा माझ्यापेक्षा चांगले. काकांच्या रेडिओपेक्षाही दुकानातला चांगलाच वाजायचा. पण दुकानातल्या रेडिओचं काय बिघडलं ते काकांना दुकानदाराला विचारावं लागलं असतं. हातात एखादी तरी गोष्ट अशी असावी जिच्या तक्रार-खिडकीच्या दोन्ही बाजूंना आपणच बसलेलो असू. तिथे बसल्यावर पहिली गोष्ट कळते ती अशी की कुठलीही गोष्ट आपोआप चालत नाही. कुणीतरी रात्री जागून ती चालवत असतं. आणि दुसरी, की चालवणाऱ्याची आठवण लोकांना ती बंद पडल्यावरच येते. हे अन्यायाचं असेल, पण चांगल्या कारभाराची तीच खूण आहे.

तुम्ही माळ्यावर सर्व्हर ठेवा असं मी सांगणार नाही. माळ्यावर गाद्यांचा हक्क आधीचा आहे. पण घरात कुठेतरी एखादी कॅसेट असेल, बंद फोनमध्ये अडकलेले आजोबांचे फोटो असतील, कुणाच्या हस्ताक्षरातली वही असेल, तर या रविवारी त्यांच्या तीन प्रती करा. एक गावाबाहेर ठेवा, शक्यतो जिथे सणाला जावंच लागतं अशा घरी. आणि वर्षातून एकदा ती उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये, एवढं मी कारभारी या नात्याने खात्रीने सांगू शकतो.